वाऱ्याच्या पिशवीतली तार

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. वाण्याकडून साखर आणायची नव्हे, वाऱ्याची. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही तोंडं उघडी, शर्टाची बाही हाताला कंटाळून एकटीच हवेत निघून गेल्यासारखी. मला शिवणाऱ्या बाईंनी शेवटचा टाका घालताना शेजारणीला सांगितलं होतं, "हिला काम काय? फुगायचं आणि लोंबायचं. आमच्या ह्यांच्यासारखंच."

माझी नेमणूक गॅसच्या पाइपलाइनवरच्या एका ठाण्यात झाली. तारेचं कुंपण, आत खडी, खडीत पिवळे पाइप आणि त्यांचे व्हॉल्व्ह, कोपऱ्यात रखवालदाराची केबिन आणि मध्ये उंच खांबावर मी. पाइपाची दुरुस्ती करायची तर आधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करतात आणि मध्ये अडकलेला गॅस एका उभ्या नळीतून हवेत सोडतात. त्यात जड वाफाही असतात. गार हवेत त्या वर जायचा कंटाळा करतात आणि जमिनीला धरून सरपटत राहतात, ठिणगी भेटेपर्यंत. म्हणून गॅस सोडण्यापूर्वी सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं, वारा कुठे चाललाय ते समजून घ्यायचं आणि त्या बाजूला माणूस किंवा विस्तव ठेवायचा नाही. हे काम मी प्रामाणिकपणे केलं. त्याबद्दल कुणी कौतुक केलं नाही, आणि ते योग्यच होतं.

कौतुक झालं ते नंतर. मुख्य कार्यालयातून बडे पाहुणे यायचे होते, त्यांच्याबरोबर फोटोवालाही. त्या दिवशी वारा पडलेला, म्हणून मी लोंबत होते. ठाण्याचे साहेब मान वर करून म्हणाले, "हे काय मेलेल्या कोंबडीसारखं? फोटोत काय दिसेल?"

आमच्या फिटरला सगळे 'आयडिया' म्हणत. त्याच्याकडे कशावरही तोडगा असे, आणि तो तारेचाच असे. "दोन मिनिटं द्या साहेब," म्हणत तो शिडीवर चढला. तोंडापासून शेपटापर्यंत त्याने माझ्यात जाड तार ओवली, तिचं टोक खांबाला आवळलं आणि मला केबिनच्या उलट बाजूच्या माळरानाकडे शेपूट करून ताठ उभी केली. फोटो झकास आला. पाहुणे म्हणाले, "व्वा, ठाणं कसं जिवंत वाटतंय!" साहेबांनी आयडियाच्या पाठीवर थाप मारली. पाहुणे गेले. तार राहिली. एवढी छान दिसणारी वस्तू कोण बिघडवतो?

पुढे सगळे विसरले. आयडियाही विसरला. त्याच्या एवढ्या आयडिया असत की एकेक लक्षात ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं.

केबिनमधला रखवालदार म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नोकरी आयडियानेच लावून दिली होती, आणि ते सांगायला तो रोज वेळ काढत असे. तो त्यांना 'दाजी' म्हणे, ते त्याला 'मेव्हणे'.

एका गार सकाळी पाइपाचं काम निघालं. वाफ मोजायचं यंत्र ऑफिसात चार्जिंगला होतं, कारण वर मी होतेच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी माळरान दाखवत होते. "छान! सोडा गॅस," ते म्हणाले. "आणि दाजी, तोवर चहा टाका."

दाजी केबिनच्या दारात उभे होते. "मेव्हणे, मला वारा इकडेच येतोय असं वाटतंय हो. तोंडावर लागतोय."

आयडिया हसला. "दाजी, तुमचं तोंड काय यंत्र आहे का? वर बघा, वर! पिशवी काय म्हणतेय?"

दाजींनी वर बघितलं. आपलंच चुकलं असं त्यांना पटलं. खरा वारा माझ्या कुशीला ढोसत होता, मित्रांनो. वळ, वळ म्हणत होता. मला तार वळू देत नव्हती.

दाजी स्टोव्ह पेटवायला आत गेले.

केबिनचं छप्पर उडालं. दाजी मात्र दारातून चालत बाहेर आले, आणि हेच सगळ्यात वाईट झालं. दवाखान्यात त्यांना मरायला बरेच दिवस लागले.

चौकशीला माणसं यायच्या आधी आयडिया खांबावर चढला. तार त्याने सफाईने उपसली. चौकशीवाल्यांनी मला वाऱ्यावर डोलताना पाहिलं आणि निष्कर्ष काढला की वारा अचानक फिरला. वाऱ्याला नोटीस काढता येईना. साहेबांना ताकीद मिळाली की त्यांनी यापुढे वाऱ्यावर लक्ष ठेवावं. दाजींच्या जागी त्यांच्या बायकोला झाडलोटीचं काम मिळालं. "दादा होता म्हणून मी उभी राहिले," असं ती सगळ्यांना सांगायची. दादा तेवढ्यात कुठेतरी निघून जायचा.

खांबावर नवीन पिशवी आली आणि मी बहिणीच्या हातातलं फडकं झाले. आज सकाळी ती मला नळाखाली चोळत होती.

"दादा, हा गंजाचा डाग कसला रे? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलाय."

"पावसाचा असेल."

"पाऊस एवढा सरळ पडतो?"

"टाकून दे ते. मी नवीन फडकं आणतो."

इतक्यात साहेब ऑफिसातून बाहेर आले. पुन्हा पाहुणे यायचे आहेत आणि नवी पिशवी लोंबतेय. "अरे आयडिया, ही बघ कशी पडलीय! मागच्या वेळी तार घातली होतीस ना, तसंच कर काहीतरी. गेले की लगेच काढून टाकू."

आयडिया बहिणीकडे बघेना. तिने नळ बंद केला, मला पिळलं, उलगडलं आणि त्या डागावरून अंगठा शेवटपर्यंत फिरवला.

"अगं, बघत काय बसलीस?" साहेब म्हणाले. "शिडी धर. पडेल तो."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. वारा नसेल तेव्हा पिशवीला लोंबू द्या. लोंबणाऱ्या पिशवीने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. तुमच्या घरी, शाळेत, कुठेही पाहुणे येवोत, पण जे जसं आहे ते तसंच दिसू द्या.

आयडिया वरच्या पायरीवर पोचलाय. एका हातात तार, दुसऱ्या हाताने खांब चाचपतोय. "घट्ट धर गं," त्याने खाली न बघता सांगितलं.

तिने मला खांद्यावर टाकलं आहे. तिचे दोन्ही हात शिडीवर आहेत, आणि ती वर बघते आहे.