आल्विनच्या अ‍ॅम्पात चिप

"माझ्या अ‍ॅम्पात कॉम्प्युटर घुसणार नाही. सांगून ठेवतो."

आल्विन सग्डननं चहाचा मग असा आपटला की टेबलावरचे स्क्रू उडाले. समोर लॉर्ना उभी. त्याच्या जुन्या दोस्ताची, डेरिक हॉइलची पोरगी. लिफ्टचे कंट्रोल बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तिनं आणलेली हिरवी पट्टी बिस्किटाएवढी होती. तिच्यावर एक चिप, सोबत तीन चिमुकल्या मोटरी.

"आल्विनकाका, आवाज सगळा तुमच्या त्या काचेच्या नळ्यांमधून, व्हॉल्व्हमधूनच जाणार. चिप फक्त बटणं फिरवणार. बाबांनी पायानं कळ दाबली की झालं."

"मग बाबाचे हात काय शोभेला आहेत?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. डेरिकला कंपवात झालाय हे अख्ख्या कीथली गावाला माहीत होतं. दर रविवारी तो क्लबात गिटार वाजवायचा; तारांवर गेला की हात गप्प बसायचा. पण दोन गाण्यांच्या मध्ये गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पचं बटण फिरवायला गेला की थरथर सुरू. बटण दोन आकड्याच्या जागी सातवर. मग अ‍ॅम्प असा किंचाळायचा की रविवारी दुपारी क्लबात बसलेल्यांची बिअर सांडायची. आधी लोक हसायचे. आता हसत नव्हते, तेच वाईट होतं.

तसं आल्विनचं म्हणणं अगदीच येडेपणाचं नव्हतं. चाळीस वर्षं तो एकेक अ‍ॅम्प हातानं बांधत आलेला. प्रत्येकाच्या झाकणाला आतून तो सगळ्या जोडणीचं पेन्सिलनं काढलेलं चित्र चिकटवायचा. उद्या आपण मेलो तरी कुणीही झाकण उघडावं, चित्र बघावं, दुरुस्त करावं.

"हिच्या पोटात काय चाललंय ते काढून दाखव मला," तो चिपवर बोट आपटत म्हणाला. "दहा वर्षांनी ही मेली की कोण बघणार? शिवाय ही आत शिट्टी मारते. बारीक. मला ऐकू येते."

"अजून लावलीच नाही, काका."

"तरी येते!"

लॉर्ना हसली नाही. "दहा वर्षं कुणी मागितलीत? बाबांना अजून एक वर्ष वाजवता आलं तरी पुष्कळ." पट्टी तिथंच सोडून ती निघून गेली.

हे ईस्टरच्या सुमाराचं, एप्रिलातलं. मग आल्विननं स्वतःचं डोकं लावलं. ओकच्या लाकडाची बटणं बनवली, मुरांब्याच्या बरणीच्या झाकणाएवढी. आत दाते, म्हणजे एकेका आकड्यावर खट् करून थांबायचं. तीनदा मोडली, तीनदा केली. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

"ही बटणं आहेत की गाडीची चाकं?" डेरिक म्हणाला.

"फिरव तर लेका, मग अक्कल पाजळ."

आल्विनच्या खोलीत फिरली की नीट! तिथं घाई नव्हती ना. क्लबात शंभर डोळे हाताकडे लागले आणि बटण खटखटखट करत थेट दहावर. अ‍ॅम्प केकाटला. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी कानांवर हात दाबून रडायला लागली. डेरिकनं स्वतःच पिन उपटली, फडक्यानं गिटार पुसली आणि क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं, पुढच्या रविवारपासून दुसरं कुणी बघा.

बाहेर व्हॅनपाशी त्यानं आल्विनच्या पाठीवर थाप मारली. "बटणं झकास होती, गड्या."

आल्विननं घरी जाऊन ती बटणं शेकोटीत घातली. सहा महिने जे करणार नाही म्हणाला, ते दोन दिवसांत केलं. पट्टी बसवली, मोटरी बसवल्या. अ‍ॅम्प तापू दिला आणि स्पीकरच्या कापडाला कान लावून अर्धा तास बसला. शिट्टी शोधत. नुसती एवढीशी मिळाली असती तरी चाललं असतं. "वाज की, भवाने," तो पुटपुटला. काही वाजलं नाही. आवाज अगदी स्वच्छ होता.

अ‍ॅम्प घेऊन तो डेरिककडे गेला. लॉर्नानं दार उघडलं आणि बाजूला झाली.

डेरिक खिडकीपाशी बसलेला. आल्विननं त्याच्या पायाखाली कळ सरकवली. डेरिकनं दाबली, तशी तिन्ही बटणं आपोआप वळली, हळू आणि नेमकी.

"आयला, भूत बसवलंस की काय!" पोरासारखा हसला तो. परत दाबली. परत हसला.

मग गिटार मांडीवर घेतली. डाव्या हाताची बोटं दांड्यावर गेली खरी, पण दबेनात. तार नुसती भणभणली. त्यानं उजव्या हातानं एकेक बोट उचलून जागेवर बसवलं. हात काढला की बोटं उठायची.

"उन्हाळ्यात बसत होती रे," डेरिक म्हणाला. सहज. हवापाण्याचं बोलावं तसं.

आल्विनला बसायला खुर्ची होती, पण तो उभाच राहिला.

"तू छेड," डेरिकनं गिटार पुढे केली.

"मला कुठं येतं?"

"चाळीस वर्षं अ‍ॅम्प बांधलेस आणि एक सूर शिकला नाहीस, गाढवा. उघड्या तारांवर अंगठा फिरव. मला ऐकायचंय."

आल्विननं अंगठा फिरवला. डेरिकनं कळ दाबली, बटणं वळली. "आता परत." त्याच तारा, पण आता भरून, गरगरीत, शेवटाला जरा खरखर.

"डेरिक, मी तेव्हाच..."

"बोलू नको." डेरिकनं डोळे मिटले होते. "छेड."