नाकाचं लिंपण

हरिता रविवारी येणार होती आणि सुरेंद्राच्या नाकावरची छिद्रं त्याआधी जाणार नव्हती, हे शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनीच सांगून टाकलं.

"छिद्रं आहेत ती, दारं नव्हेत. बंद होत नाहीत," त्या म्हणाल्या. "चेहरा हलक्या हातानं धुवा, उन्हात जाताना हे क्रीम लावा, रात्री ते दुसरं. तीनेक महिन्यांत कमी दिसायला लागतील."

"रविवारपर्यंत किती कमी दिसतील?"

बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सुरेंद्र पस्तिशीला टेकला होता, पण तंजावरात लग्न होईपर्यंत माणूस मुलगाच राहतो. हा मुलगा सोन्याच्या वर्खाची तंजावरी चित्रं करून विकायचा. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची पूड आणि डिंक कालवून लेप द्यायचा, वाळला की दगडानं घोटून घोटून गुळगुळीत करायचा, हे त्याचं रोजचं काम. त्याच्या बाळकृष्णांच्या गालांवर आजवर एकही छिद्र निघालं नव्हतं. आरशात मात्र रोज निराळाच माल दिसे.

हरिता तिरुवैयारूच्या शाळेत गणित शिकवायची. पत्रिका जुळल्यापासून दोघं फोनवर बोलत होती आणि ती इतकी मोकळी हसायची की फोन ठेवल्यावर सुरेंद्र उगाच दोन खोल्या हिंडून यायचा. गाव बसनं अर्ध्या तासावर. पण रीतसर पाहणं झाल्याशिवाय भेटायचं नाही, असा तिच्या आईचा, जयलक्ष्मीबाईंचा, दंडक होता. हरितानं एकदा व्हिडिओ लावूया म्हटलं, तेव्हा सुरेंद्रानं नेटवर्कला आजारी पाडलं. कारण धाकट्या बहिणीनं, साईप्रियानं, तिकडे पाठवलेल्या फोटोत मोबाइलनं आपण होऊन त्याचं नाक इस्त्री केलं होतं.

"फोटो बदलून पाठव," तो तिला म्हणाला होता.

"अण्णा, त्या फोटोवरच तर त्यांनी पत्रिका मागितली. आता काय सांगू, नाक चुकून दुसऱ्याचं आलं?"

शनिवारी आईनं, वसुमतीबाईंनी, त्याच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि दही फासलं. छिद्रं जिथल्या तिथे राहिली, फक्त स्वच्छ झाली. मग त्यानं बर्फ घासला. नाक आक्रसल्यासारखं वाटलं. तो आईला दाखवायला स्वयंपाकघरात पोचेपर्यंत पूर्ववत झालं.

"कोण बघतंय तुझं नाक?" आई म्हणाली. "तुझे बाबा मला बघायला आले तेव्हा मी त्यांची चप्पल सोडून काही बघितलं नव्हतं."

रविवारी दुपारी तो कामाच्या खोलीत बसला असताना त्याची नजर खडूच्या लेपाच्या वाटीवर पडली. इतकी वर्षं फळ्यांची भोकं बुजवणाऱ्या माणसाला जे सुचायचं तेच सुचलं. त्यानं लेपात चिमूटभर गेरू आणि पिवळी माती मिसळून रंग जमवला आणि बोटानं नाकावर आणि गालांवर पातळ हात दिला. लेप सावलीत सावकाश वाळवावा, पंख्याखाली धरला की तडकतो, हे त्यानं किती जणांना शिकवलं होतं. पण पाहुण्यांची रिक्षा दारात थांबल्याचा आवाज आला आणि त्यानं तोंड पंख्यापुढे धरलं.

आरशात बाळकृष्णाचा थोरला भाऊ दिसत होता.

पाहुणे बसले आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हसता येत नाही. ओठ थोडे लांबले की गालावर काहीतरी ताणलं जाई. जयलक्ष्मीबाईंनी प्रवासाची, उकाड्याची, घरातल्या चित्रांची चौकशी केली. सुरेंद्र "हो" आणि "नाही" एवढ्यावर भागवत होता, तेही ओठांच्या मधल्या भागानं. हरितानं कापीचा डबरा, म्हणजे कॉफीची पसरट वाटी, हातात घेताना, फोनवर हमखास हशा पिकवणारी हेडमास्तरांच्या स्कूटरची गोष्ट काढली. सगळे हसले. सुरेंद्र एखाद्या न्यायाधीशासारखा तिच्याकडे पाहत राहिला.

"हस की रे," वसुमतीबाई कापी देता देता पुटपुटल्या.

"मुलगा फार गंभीर आहे हो," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. आवाजात कौतुक नव्हतं.

हरिताच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं, ते सुरेंद्राला दिसलं. तिनं कामाची खोली पाहायची आहे म्हणून सांगितलं. दोघं आत गेली. दार अर्थातच उघडं राहिलं. सुरेंद्राच्या हातात त्याचा डबरा तसाच होता.

"मी पसंत नसले तर सरळ सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाईट वाटेल, पण पाच वाजताची बस तरी मिळेल."

"नाही नाही, तसं मुळीच नाही," सुरेंद्र म्हणाला, आणि या वेळी पूर्ण तोंड उघडून म्हणाला.

बारीक आवाज झाला. नाकाच्या शेंड्यावरून एक खपली सुटली आणि त्याच्या कापीत पडली.

दोघांनी डबऱ्यात पाहिलं. ऍलर्जी म्हणावं, औषध म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. मग तिच्या डोळ्यांकडे पाहून त्यानं तेही सोडून दिलं.

"खडू आहे," तो म्हणाला. "आणि डिंक."

"खडू मला कळतो. रोज केसांत घेऊन घरी जाते." तिनं जवळून पाहिलं. "पण कशाला?"

"नाकावर मोठी छिद्रं आहेत. फोटोत दिसत नाहीत. तुम्ही फोटो बघून आलात."

"मी फोटो बघून आले?" हरिता म्हणाली. "फोटो आईनं बघितला. मी ज्याच्याशी बोलत होते त्याला बघायला आले, तर इथे कोणी भलताच बसलाय. मघापासून मला रडू येतंय, ठाऊक आहे?" तिनं कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. "धुवा."

सुरेंद्रानं तोंड धुतलं. डिंक सहज सुटेना, घासावं लागलं. तो वळला तेव्हा नाक लालबुंद झालं होतं आणि आयुष्यात कधी नव्हती इतकी ठसठशीत छिद्रं त्यावर दिसत होती. हरिता बराच वेळ पाहत राहिली. तिनं नजर चोरली नाही आणि छान आहे असंही म्हटलं नाही.

"हेडमास्तरांची स्कूटर," ती अखेर म्हणाली, "शेवटी कालव्यात गेली."

तो हसला. घाबरलेला होता तरी हसला, फोनवर हसायचा तसा, घोगरा आणि लांबलचक.

हरिता दाराशी गेली आणि बाहेर डोकावून म्हणाली, "आई, इकडे ये. सुरेंद्र आलेत."

"मग इतका वेळ समोर कोण बसला होता?" जयलक्ष्मीबाईंनी विचारलं आणि चष्मा पुसत उठल्या.