लाल रेघेचं नाव

कोरियाच्या जेजू बेटावर पाण्यात बुड्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या पाच म्हाताऱ्या होत्या, आणि त्यांच्या बुड्यांचे आलेख काढणारी गाराम नावाची एक संशोधक बाई. बायकांच्या मनगटाला खोली मोजणारं यंत्र बांधायचं, आणि महिनाअखेरी आलेख छापून त्यांच्या किनाऱ्यावरच्या झोपडीत चिकटवायचा. म्हाताऱ्यांची नजर अधू, म्हणून रेघ जाड आणि रेघेच्याच रंगात शेजारी नाव.

त्या महिन्यात गारामचा संगणक बदलला. सॉफ्टवेअर उघडताच जी फाइल तिने ठरवलेले रंग आणि जाडी आपोआप लावायची, ती जुन्या संगणकातच राहिली. सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने रंग दिले: पहिली रेघ निळी, दुसरी लाल. दुसरं नाव बू मालसुनचं.

तिकडे लाल अक्षरांत नाव लिहितात ते मेलेल्याचं. म्होरकी सुनदोकने मालसुनचा पाण्यातला पोशाख खुंटीवरून काढून स्वतःच्या पेटीत घातला. रंग बदलेपर्यंत तिला समुद्र बंद. त्र्याहत्तर वर्षांची मालसुन किनाऱ्यावर बसली, आणि आठवड्यात अशी सुकली की वाऱ्याने उडून शेजारच्या बेटावर जायची, म्हणून बायकांनी तिच्या मांडीवर दगड ठेवला होता.

गाराम शरमेने अर्धी झाली. तिने फाइल नव्याने लिहिली. रंगांच्या यादीतून लाल काढला, जाडी दोन, रंग संपले की तुटक रेघ. सगळे आलेख सुधारले. मालसुन मात्र लालच. तिला पाचव्या जागी नेलं, लाल पाचव्या जागी गेला. शेवटी यादीत नुसता काळा ठेवला. चार रेघा काळ्या, एक लाल.

तेव्हा मालसुन स्वतःच प्रयोगशाळेत आली. खुर्ची ओढून तिने पडद्यावरची रेघ बोटाने तपासली, मासा ताजा आहे का बघावा तशी. ही कितीवर जाते, म्हणून विचारलं.

"दहा वाव खोल, आजी."

"यंदा मी सहाच्या खाली गेलेच नाही." बोट खालच्या सपाट तुकड्यावर थांबलं. "दहावर जाऊन बसायची ती बोकही नावाची बाई. माझ्या जोडीची. अकरा वर्षं झाली तिला जाऊन." तिने बोट रेघेशेजारच्या नावावर नेलं. "रंग बरोबर आहे, पोरी. नाव चुकलंय."

गारामने लाल रेघेला बोकहीचं नाव दिलं. त्याबरोबर पडद्यावर सहावी रेघ उमटली. काळी, साधी, सहा वावांवरून परतणारी. शेजारी मालसुनचं नाव.

यंत्रं पाचच होती. गारामने दोनदा मोजली.

सुनदोकने नवा आलेख नाकाला लावून पाहिला, "मरूनही ही बया आपल्यापेक्षा खोल जाते," असं पुटपुटली आणि पेटी उघडली. दुसऱ्या सकाळी मालसुन पाण्यात उतरली. गाराम खडकावर उभी राहून पाण्यावर येताच ती सोडायची त्या प्रत्येक शिट्टीसारख्या श्वासाची वाट पाहत होती.

दुपारी मालसुन जाळी ओढत वर आली. खाली काही दिसलं का, असं गारामने भीतभीत विचारलं.

"दिसायला कशाला पाहिजे? हाका मारत होती," मालसुन केस पिळत म्हणाली. "म्हटलं, सून बाळंत व्हायची आहे, पुढच्या वर्षी बघू."