सर्वाधिक करदात्याची ढाल

आमच्या सरकारी कागद कारखान्याचे नवे साहेब अर्थमंत्र्यांचे जावई आहेत हे कळलं, त्या दिवशी हिशेब खात्यात चहा दोनदा झाला. खासगीवाले मंत्र्यांच्या ड्रायव्हरची ओळख काढून कर वाचवतात. आमच्याकडे तर प्रत्यक्ष जावईबापू! कर कमी होणार आणि उरलेल्या पैशात कापणी विभागाचं छप्पर होणार, असं मी धरूनच चाललो.

ते छप्पर नेमकं विजेच्या पॅनेलवर गळायचं आणि त्या पॅनेलपाशी दिवसभर माझे भावोजी उभे असायचे. "एक दिवस जिवावर बेतेल रे," ताई म्हणायची. मी तिला छातीठोकपणे शब्द दिला होता. मूर्खच मी.

साहेबांनी माझा वर्षाच्या हिशेबाचा तक्ता पाहिला. "हे छपराचे बारा लाख कशाला?"

"गळतंय साहेब. शिवाय खर्च दाखवला की कर कमी बसतो."

"कमी?" साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, वसुली कमी पडली म्हणून तिकडे सासऱ्यांची खुर्ची डुगडुगतेय, आणि तुम्ही कर कसले वाचवताय? छप्पर खोडा. गोदामातला पडून असलेला मालही विकला गेला असं धरा. नफा दिसला पाहिजे!"

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी छप्पर खोडलं. खाली सही माझीच. बढतीची यादी निघायची होती, खोटं कशाला बोलू?

न झालेल्या नफ्यावर आम्ही कर्ज काढून कर भरला. सर्वाधिक करदाता म्हणून मंत्र्यांच्या हस्ते जावयाला पितळी ढाल मिळाली, चांगली परातीएवढी. महिन्याभरात साहेब मोठ्या कारखान्यावर गेले आणि त्यांच्या जागी दुसरे नवे साहेब आले. ढाल केबिनमध्ये राहिली. यादीत माझं नाव नव्हतं.

मग पाऊस झाला आणि पॅनेलनं भावोजींना झटका दिला. थोडक्यात वाचले, पण उजवा तळवा भाजला. ताईनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं काय चुकलं?

आज भावोजी कामावर आले म्हणून मी भीतभीतच कापणी विभागात गेलो. ते पट्टी बांधलेल्या हातानं शिडी धरून उभे होते. वर छपराच्या भोकावर केबिनमधली ढाल चारी बाजूंनी स्क्रूनं घट्ट बसवली होती. खालून जुन्या साहेबांचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. पॅनेल कोरडं होतं.

"भावोजी, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"अजून तीन भोकं आहेत," ते म्हणाले. "नव्या साहेबांना सांग, भरपूर कर भरा."