तुफान्याला परत धाडा

व्हिलनला पोरं घाबरली नाहीत तर खेळ पडतो, हे मला नवघरच्या तालमीत कळलं. तिथे आमचा व्हिलन होता प्रोफेसर घुबड, आणि पोरांनी त्याला चणे फेकून मारले. घुबड म्हणजे मीच, सदू पेंटर, मूळचा राजापूरकडचा. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि संध्याकाळी स्टेशनवरच्या स्टॉलपाशी उभ्याउभ्या फुकट कॉमिक्स वाचायची, हा माझा धंदा. मिठागराच्या ऑफिसातला जयकुमार माझ्यासारखाच वेडा. एकाहत्तर साली आम्ही दोघांनी 'जिवंत कॉमिक' काढलं. बांबूची मोठी चौकट, मागे पांढरा कपडा, चौकटीत आम्ही दोघं, आणि बोलताना डोक्यावर संवाद लिहिलेला पुठ्ठ्याचा फुगा धरायचा. जयकुमार हिरो, कारण तो गोरा. मला त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटायचं.

तारोडीची सुगंधा मासळी घेऊन नवघरला यायची. तिने तालीम बघितली आणि घुबडाला एवढी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. "आमच्या पोरांना दाखवा ओ हे," ती म्हणाली. "पौर्णिमा झाली की रविवारी या."

तिचं ते हसणं मला लागलं. म्हटलं, थांब, तुझ्या गावात एक माणूस हसला तर नाव सदू सांगणार नाही. कोळीवाड्यातली माणसं कशाला भितात? वादळाला. झालं, दोन दिवसांत माझा तुफान्या तयार. निळं तोंड, काथ्याचे केस, अंगावर फाटकं शीड. आणि तो आपणहून यायचाच नाही. पोरांनी तीनदा हाक मारायची, मग तो कपड्याआडून चौकटीत उडी घेणार. स्वतःच्या डोक्यावर मी भलताच खूश होतो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगीच नाही.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, तारोडीच्या किनाऱ्याजवळ चार खाटा जोडून आमचं स्टेज झालं. ऊन चांगलं होतं. जयकुमार पुठ्ठ्याच्या होडीत बसला आणि पोरांना म्हणाला, "मारा हाक!"

"तुफान्या, ये!" साठ-सत्तर पोरं एकदम ओरडली. दुसऱ्या हाकेला मागे मासळी वाळत घालणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. तिसऱ्या हाकेला मी उडी मारली. पहिल्या रांगेतली दोन पोरं रडायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी होडी उलटी केली, हिरोला बुडवलं, त्याच्या छातीवर पाय ठेवून हसलो. मग ठरल्याप्रमाणे बुडालेल्या जयकुमारने पडल्यापडल्या पाटी वर केली: क्रमशः. कॉमिकचा नियमच तो, व्हिलन जिंकलेला असताना थांबायचं, म्हणजे लोक पुढच्या अंकाला येतात.

टाळ्या वाजल्याच नाहीत. मागचा कपडा फडफडला, मग फुगला, आणि चौकट आमच्या अंगावर आली. बघतो तर पश्चिमेकडे आभाळ काळंठिक्कर, आणि पाऊस सुरू झालेला.

सुगंधा पोरांमधून वाट काढत आली. "कोनी सांगितला तुला त्याला बोलवायला? होड्या भायेर असताना आमी वाऱ्याचा नाव पन घेत न्हाय. माझा नवरा नाथा दर्यान हाय. हिचा बाळाराम हाय." शेजारी बाळारामची बायको चंपा उभी होती. ती नुसती माझ्या निळ्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, ही बोलाफुलाला गाठ पडली," जयकुमार म्हणाला. "पुढच्या रविवारी दुसऱ्या भागात तुफान्या मरतोच."

"रविवारी? त्याला आत्ता परत धाड."

दुसरा भाग मी लिहिलाच नव्हता. तुफान्या मला एवढा आवडला होता की तो मरणार कसा, याचा विचारच केला नव्हता. जयकुमारने पुठ्ठ्याची तलवार शोधली, भिजून तिचं टोक लोंबत होतं. त्याने ती माझ्या पोटाला लावली आणि मी खाटेवर पडलो. एकही संवाद नाही, फुगा नाही. थोडा वेळ गेल्यावर मी उठायला लागलो, तसा सुगंधाने छातीवर हात ठेवून मला खाली दाबलं.

"उठू नको. मेलेला उठतो काय?"

"किती वेळ असं?"

"होड्या लागेपर्यंत."

मी पडून राहिलो. पाऊस तोंडावर बसत होता, निळा रंग डोळ्यांत उतरून आग होत होती, पण हात उचलायची हिंमत नव्हती. मी देवभोळा माणूस नाही, गावी देवाला गाऱ्हाणं घालताना मला हसू यायचं. इथे मात्र मी श्वास मोठा घेतला की वारा वाढतो असं वाटायला लागलं. म्हणून मी श्वास बारीक घेत होतो. पोरं माझ्याभोवती गप्प बसली होती आणि कुणी हललं की त्याला चापट मिळत होती. एवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. त्या दोन माणसांना मी ओळखतही नव्हतो, आणि ती बुडाली तर माझ्यामुळे बुडणार होती.

अंधारून यायला लागलं तेव्हा किनाऱ्याकडून ओरडा झाला, "आली, आली!" सगळे धावले, जयकुमारसुद्धा. मी एकटा राहिलो. आनंदाचा आवाज आहे की रडण्याचा, ते पावसात कळत नव्हतं.

मग वाळूत पावलं वाजली. सुगंधा आली होती, गुडघ्यापर्यंत ओली, रडत आणि हसत. "आला! माझा नाथा आला!"

"आला? सुटलो!" मी कोपरावर उठलो.

तिचं हसू गेलं. ती माझ्या खाटेशी खाली बसली.

"पेंटर, जरा पडून ऱ्हा," ती हळूच म्हणाली. "बाळाराम अजून न्हाय आला. चंपा तिथंच पान्यात उभी हाय."

मी परत आडवा झालो आणि डोळे मिटून घेतले.