टिकली नसलेली वाट

विनीताला पोलीस पाटील होऊन वर्ष झालं होतं आणि या वर्षात गावाने तिला फारसा त्रास दिला नव्हता. मिठबावपासून थोडं आत, खाडीच्या काठाला धरून वसलेलं तीनशे उंबऱ्यांचं गाव. भांडणं व्हायची, पण बहुतेक बांधावरच मिटायची. त्यामुळे ठाण्यातून गावाचा छापील नकाशा आला आणि गेल्या तीन वर्षांत कुठे काय गुन्हा घडला ते लाल खुणांनी दाखवा, असा हुकूम झाला, तेव्हा तिला खरं तर आनंदच झाला. करून दाखवण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं.

खुणा काही कुणी पाठवल्या नव्हत्या. सरकारी कामात तेवढं चालायचंच. विनीताने बाजारातून लाल टिकल्यांचं पाकीट आणलं, तक्रारींची वही पुढ्यात घेतली आणि एकेक टिकली चिकटवत गेली. जेटीवर मोटरसायकल गेली होती आणि दारूच्या भरात मारामारी झाली होती. एसटी थांब्यावर मोबाइल मारला होता. बाजारपेठेत तर पाच टिकल्या लागल्या. मात्र दुसऱ्या अंगाला, जिथून आंब्याच्या कलमांच्या बागांमधली पाणंद, म्हणजे अरुंद पायवाट, तिच्या वाडीकडे उतरते, तिथे एकही नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. लोक आले, बघून गेले, जेटीवाल्यांना टोमणे मारून गेले.

नकाशाचा उपयोग विनीताने सर्वांत आधी घरातच केला. तिची मुलगी सलोनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. रोज साडेपाचच्या एसटीने उतरून बाजारातून चालत यायची. उद्यापासून बाजारातून नाही, पाणंदीने यायचं, असं विनीताने बजावलं. ती वाट सुनसान आहे, असं सलोनीने एकदा म्हणून बघितलं. विनीताने मोबाइलवर नकाशाचा फोटो काढून तिच्यासमोर धरला. आईपण आणि पाटीलकी एकत्र आली की समोरच्याचं काय चालणार? दुसऱ्या दिवसापासून सलोनी पाणंदीने येऊ लागली. त्यानंतरचे दोन महिने ती जरा जास्तच गप्प होती, पण परीक्षा जवळ आल्या की मुलं अशीच होतात, हे विनीताने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

एका गुरुवारी पाच वाजून गेल्यावर रुक्मिणीकाकी कसल्याशा दाखल्यासाठी पंचायतीत आली. रुक्मिणीकाकी म्हणजे गुरवीण. गावचं देऊळ तिच्या घरात चार पिढ्या. कारकून जागेवर नव्हता, म्हणून ती वेळ काढायला नकाशापुढे उभी राहिली. विनीताने कौतुकाने तिला सगळं समजावलं. ही जेटी, हा बाजार, ही टिकली म्हणजे चोरी. काकीने चष्मा वर सरकवला, नकाशात बागांच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि इथे कशी नाही, असं विचारलं. तिथली एकही तक्रार नाही, विनीता म्हणाली.

"तक्रार कशी येतली गो? पोलिसांत कोण जाता? तीन चेडवांनी येऊन देवाक गाऱ्हाणा घातला, ता तुझ्या कागदार कसा दिसतला?"

काकी बोलत राहिली. बागेतल्या पंपाच्या खोलीशी एकजण खुर्ची टाकून बसतो, एकटी पोर दिसली की उठून वाटेत आडवा होतो, मागून चालत येतो. मुली सोमवारी येतात, नारळ ठेवतात. नाव कुणी घेत नाही. जो कोण वाकडी वाट धरता त्याका सरळ कर, एवढंच मागतात. तिसरा नारळ याच सोमवारचा. कुणाचा ते देवाला सांगितलेलं, आपण दुसऱ्याला सांगू नये, असं म्हणून काकीने नजर फिरवली.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

विनीताने सलोनीला फोन लावला. लागला नाही. बागेत रेंज नसते, हे तिला माहीत होतं, आणि हे माहीत असूनही तिने पोरीला तिथे पाठवलं होतं. पाणंदीचं वाडीकडचं टोक पंचायतीच्या मागेच होतं. ती चपला हातात घेऊन धावली. दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांवरून कलमं वाटेवर ओणवी झाली होती, खाली उजेड कमी होता आणि वाळक्या पानांवर तिचेच पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाजत होते. मोठ्याने हाक मारावी, तर धाडस होईना. तिला जन्मात इतकी भीती वाटली नव्हती.

पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. दारात निळी प्लास्टिकची खुर्ची. तिची तोंडाची बाजू पंपाकडे नव्हती, वाटेकडे होती. खाली गुटख्याच्या पुड्या पडल्या होत्या, काही जुन्या, काही ताज्या. तीन वर्षांची वही विनीताला पाठ होती, पण ही खुर्ची तिने कधी बघितली नव्हती. ती न थांबता पुढे गेली.

वळणापलीकडे सलोनी दिसली. धड होती. वाटेच्या अगदी मधून चालत होती, दप्तर पोटाशी, आणि दोन्ही मुठींत दगड. आईला बघून ती जागीच थांबली, पण दगड तिने टाकले नाहीत.

किती दिवस, एवढंच विनीताला विचारता आलं. नकाशा लागल्यापासून, सलोनी म्हणाली.

"माका सांगूक नाय कित्याक?"

"तूच म्हणालंस, हय काय नाय. माका वाटला, माकाच भास होता." सलोनीचा आवाज अगदी साधा होता. "तिसरो नारळ माझो."

विनीताने तिला जवळ ओढलं. तेवढ्यात मागून लोखंड घासल्याचा आवाज आला. दोघींनी वळणावरून बघितलं. पंपाच्या खोलीचं दार आता बंद होतं आणि खुर्ची आत गेली होती. म्हणजे ती पुढून धावत गेली तेव्हा तो आतच होता, तिला बघत होता.

त्या दारावरून घरी जायची दोघींची छाती झाली नाही. बाजूने वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, चढता येतं, तिथे रेंज मिळते. चढता चढता विनीताच्या मनात जे पहिलं आलं, त्याची तिला त्या माणसापेक्षा जास्त भीती वाटली. हे कुणाला कळू नये, असं तिच्या मनात आलं होतं. उद्या काकीकडे जाऊन आपणही एक नारळ ठेवावा आणि पोरीला बाजारातून येऊ द्यावं, म्हणजे झालं. पोलीस पाटील होती ती, आणि तिलाही हेच सुचलं.

सड्यावर वारा होता. सलोनीने नाव सांगितलं. ओळखीचंच नाव होतं, लग्नाकार्यात पंगतीला वाढणाऱ्या माणसाचं. विनीताने ठाण्याला फोन लावला. पलीकडचा हवालदार तिला ओळखत होता, तुमच्या भागात कधी नव्हे ते काय झालं, म्हणून हसला. तिने काय घडलं ते सांगितलं. मग त्याने कागद ओढल्याचा आवाज आला.

"तक्रारदाराचं नाव सांगा, ताई."

विनीताने सलोनीकडे बघितलं. सलोनी तिच्याच तोंडाकडे बघत होती, दगड अजून हातात घेऊन, आई काय म्हणते ते ऐकायला.

"सलोनी," विनीता म्हणाली. "माझी मुलगी आहे. लिहा."