शेळी कुणाची मेली

आळंदच्या बाजार मैदानात मांडव लागला आणि तिसऱ्या दिवशी अर्धं गाव नारळ घेऊन रांगेत उभं राहिलं. मांडवात अंतर्ज्ञानी महाराज बसलेले. दारावर त्यांचा शिष्य बाबूलाल नाव-गाव विचारी, नारळ ताब्यात घेई आणि बसायला सांगे. अर्ध्या तासाने नारळ आत जाई. महाराज तो नाकाशी धरीत, डोळे अर्धवट मिटीत आणि माणसाच्या घरातलं सगळं सांगत. नारळाच्या वासात एवढी माहिती असते हे आळंदकरांना २०११ सालीच कळलं.

शैलश्री रांगेत आली होती ती नागूबाईच्या काळजीने. क्षयाच्या रोग्यांनी सहा महिन्यांच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत म्हणून गावात एक लहानशी संस्था होती, तिची ती कार्यकर्ती. नागूबाईचे चार महिने झाले होते, दोन उरले होते. आत्ता गोळ्या सोडल्या तर आजार दुप्पट जोराने उलटणार होता. आणि नागूबाई म्हणत होती, महाराज सांगतील तसं करायचं.

महाराजांनी नारळ हुंगला. "नागूबाई, लेक सिद्धराम पुण्यात बांधकामावर. तुझ्या छातीत आजार, चार महिने गोळ्या. आणि बाई, गेल्या आठवड्यात तुझी काळी शेळी मेली. तू जेवली नाहीस. आम्ही बसल्या जागेवरून पाहिलं. गोळ्या बंद कर, अंगारा खा."

नागूबाईने लोटांगण घातलं. शैलश्रीच्याही अंगावर काटा आला, आणि त्याचा तिला मनस्वी राग आला.

"बगितलंस अक्का? समदं बराबर सांगितलं," बाहेर येताना नागूबाई म्हणाली.

"शेळी कधी मेली तुमची?"

"माझी जिती हाय की. मेली ती शेजारच्या सावित्रीबाईची. देवाचं बी थोडं इकडंतिकडं व्हतंय."

शैलश्री जागीच थांबली. ही चूक तिने पाहिली होती. पाहिली कसली, तिनेच केली होती.

संस्थेचं फेसबुकवर पान होतं. रोज एका माणसाचा फोटो आणि त्याच्या सुखदुःखाच्या चार ओळी. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं ते वाचत, आईला फोन करत, संस्थेला मदत पाठवत. गोळ्या घेणाऱ्यांना आपण एकटे नाही असं वाटे. शैलश्री ते पान जीव ओतून लिही. गेल्या आठवड्यात घाईत तिने सावित्रीबाईच्या शेळीची ओळ नागूबाईच्या फोटोखाली टाकली. चूक लक्षातही आली होती. पण तोवर बेचाळीस लोकांना ती ओळ आवडली होती, मग दुरुस्त करायला तिचं मन झालं नाही.

आता मात्र तिला हसू फुटलं. संस्थेची जीप चालवणारा राघोबा साठीचा, सडाफटिंग माणूस. तिने त्याला विचारलं, "काका, एक दिवस बाप व्हाल?"

"ह्या वयात कामून गं?"

कामून ते तिने सांगितलं. राघोबाने मिशीवर हात फिरवून फोटो काढू दिला. संध्याकाळी पानावर ओळ आली: राघोबांना जुळं झालं, घरात पेढ्यांचा पाऊस.

दुसऱ्या दिवशी राघोबा नारळ देऊन बसला. नंबर आला. महाराजांनी दीर्घ श्वास घेतला.

"राघोबा, भाग्यवान आहेस. एकदम दोन लेकरं. घरात पेढ्यांचा पाऊस पडतो आहे."

"महाराज, माझं लगीनच न्हाई झालं," राघोबा म्हणाला. "लेकरं कुणाच्या घरी पाठवलाव?"

मांडवात खसखस पिकली. "ही पुढच्या जन्मीची आहेत," महाराज गंभीरपणे म्हणाले. तेवढ्यात शैलश्रीने त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि शेंडीत खोचलेली चिठ्ठी काढून मोठ्याने वाचली. तिचीच ओळ होती, पेढ्यांच्या पावसासकट. मांडवामागे बाबूलालचा लॅपटॉप उघडाच होता, आणि त्यावर संस्थेचं पान. ज्यांची नावं पानावर नव्हती, त्यांना महाराज नुसतंच 'घरात चिंता आहे' म्हणत होते. ती कुणाच्या घरात नसते?

"महाराजांनी तुमची घरं पाहिली नाहीत, माझं लिहिलेलं वाचलं," शैलश्री म्हणाली. "कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडण्याआधी विचारा, याला हे कळलं कुठून. आणि आजारावर काय घ्यायचं ते डॉक्टरला विचारा. शेळीची चूक माझी आहे. कळूनही ठेवली, लोकांना आवडली म्हणून."

महाराज त्याच दुपारच्या गाडीने गेले. अंगाऱ्याची पोती राहिली.

नागूबाई संस्थेच्या पायरीवर येऊन बसली. मग तिने हात पुढे केला. शैलश्रीने गोळी आणि तांब्या दिला. नागूबाईने गोळी गिळली.

"लिव्हायलीस ते लिव्ह," ती म्हणाली. "पर आमच्या घरचं लिव्हायच्या आधी आमाला इचार. त्यो मेला पाटीमागं बसून वाचायलाय, अन् मी त्येच्या पाया पडायलेय."

"विचारीन, मावशी."

"मग आज इचार."

शैलश्रीने विचारलं. नागूबाईने परवानगी एकाच ओळीची दिली, आणि त्या संध्याकाळी पानावर तेवढीच आली: नागूबाईची शेळी जिवंत आहे.